रोजच्या धबडग्यात देव दिसतो, की आपण तो ओढूनताणून दाखवतो?

घणसोलीकर

सर्वांना सलाम.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस सुरू झाले की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एका ठरावीक वळणाच्या संदेशांची रीघ लागते. सिग्नल लाल झाला, म्हणजे देव तुम्हाला थांबायला सांगतो आहे. मोबाइलची बॅटरी उतरली, म्हणजे प्रार्थना कमी पडते आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही सकाळी घणसोली स्थानकाच्या जिन्यावर उभ्याने असे चार-पाच संदेश वाचले की मन उंचावण्याऐवजी थोडे ओशाळते, कारण प्रत्येक वस्तूच्या गळ्यात एकेक तात्पर्य अडकवणे आणि त्या वस्तूकडे श्रद्धेने पाहणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, असे मला सारखे वाटत राहते.

रोजच्या आयुष्याकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहावे, याला माझा अजिबात विरोध नाही. किंबहुना शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आदींनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत, दुसरे काय आहे? जाळी, मीठ, दिवा, फाटक्या वस्त्राला लावलेले ठिगळ, घर झाडून शोधलेले नाणे. परंतु येशूचे दाखले नीट वाचले, तर त्यांत वस्तूवर तात्पर्य चिकटवलेले नसते. वस्तूकडेच इतके बारकाईने पाहिलेले असते की तिच्यातली अचाट गोष्ट आपोआप पुढे येते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातली बाई तीन मापे पिठात खमीर मिसळते. आपल्याला वाटते, असेल परातभर कणीक. ती तीन मापे म्हणजे आजच्या हिशेबाने ३५ ते ४० लिटर पीठ होते आणि त्याच्या भाकरींवर शंभरावर माणसे जेवली असती. ऐकायला बसलेल्या बायकांना यातली गंमत समजावून सांगावी लागली नसणार, कारण रोज कणीक मळणारे हात त्यांचेच होते.

दुसरी गोष्ट अशी की, लूक म्हणतो त्याप्रमाणे येशूने आपले कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या नासरेथमधल्या कामाच्या वर्षांबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ काहीच बोलत नाहीत. मार्कच्या सहाव्या अध्यायात गावकरी त्याला ‘सुतार’ म्हणून ओळखतात, एवढीच काय ती नोंद. त्या वर्षांत त्याने प्रत्येक फळीवर प्रवचन केले असते, तर गावकऱ्यांना पुढे त्याच्या बोलण्याचे एवढे नवल वाटले नसते.

म्हणून विचारतो: ठाणे-नवी मुंबईत नोकरी, लोकल, पाण्याची वेळ, मुलांच्या परीक्षा आणि सोसायटीची मीटिंग यांत दिवस घालवणारी आपण माणसे ही दृष्टी प्रत्यक्षात कशी बाळगता? धर्मांतराच्या चर्चेसाठी येथे अन्य धागे आहेत. या धाग्यावर कृपया विषयाला धरून लिहावे.

रात्रपाळी

घणसोलीकर, मी कळव्याला राहते आणि एका रुग्णालयात परिचारिका आहे. घर कॅथलिक आहे. आपला प्रश्न वाचून मला सर्वांत आधी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस आठवली, म्हणून तेवढेच लिहिते.

ज्या रुग्णाला स्वतःला हलता येत नाही, त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडे जिथे कातडीला टेकतात तिथे जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. रात्रीच्या पाळीत मी आणि मावशी मिळून आडव्या चादरीची दोन टोके धरतो, रुग्णाला न घासता वळवतो, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घालतो, टाचा गादीपासून अधांतरी राहतील असे पाय ठेवतो आणि मग टॉर्चने माकडहाडाजवळची त्वचा पाहतो. तिथे लाल डाग दिसला, तर त्यावर बोट दाबून काढायचे. डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर अजून वेळ गेलेली नसते. दाबूनही तो लालच राहिला, तर आतली इजा सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर हे रंगावरून चटकन कळत नाही, म्हणून हाताच्या पाठीने ती जागा आसपासच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागते का, तेही पाहावे लागते.

आता खरे सांगायचे, तर त्या क्षणी माझ्या मनात देवाचा कोणताही विचार नसतो. पाळी सुरू होताना मी क्रुसाची खूण करते, तेवढीच माझी प्रार्थना. ‘या रुग्णात येशूच निजला आहे, असे समजून सेवा करा’, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते आणि त्यामागची भावना मला कळते. पण तसे समजत बसले, तर माझे लक्ष त्या समजण्याकडे जाईल आणि डाग पाहायचा राहील. त्या क्षणी मला डागच दिसायला हवा. हे चुकीचे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

मुद्देसूद

मी ख्रिस्ती घरात वाढलो. हल्ली चर्चला केवळ आईला सोबत म्हणून जातो. तरीही विषय महत्त्वाचा आहे, म्हणून माझी हरकत स्पष्टपणे नोंदवतो.

‘आज गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळाली, प्रभूची कृपा’, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून माणसे खाली पडली आणि त्यांतली काही दगावली. ज्याला जागा मिळाली त्याच्यावर कृपा असेल, तर दारात लटकणाऱ्यावर काय होते? रोजच्या घटनांमध्ये देवाचा हात शोधायची सवय एकदा लागली की चांगल्या घटना त्याच्या खाती जमा होतात आणि वाईट घटनांच्या वेळी ‘त्याचे मार्ग अगाध आहेत’, असे म्हणून वही मिटली जाते. हा हिशेब मला अप्रामाणिक वाटतो. शिवाय लोकलमध्ये गर्दी का होते, याची उत्तरे वेळापत्रक, डब्यांची संख्या आणि घरांच्या किमती यांत आहेत. तिथे अध्यात्म आणले की ती विचारायची राहून जातात.

रात्रपाळी यांनी जे लिहिले, ते मात्र मला पूर्ण पटले. त्यात देव मुद्दाम आणलेला नाही, हेच त्याचे बळ आहे.

चरईचे मास्तर

मुद्देसूद, आपली हरकत रास्त आहे, आणि ती शुभवर्तमानाबाहेरची नाही, हे मुद्दाम सांगण्यासाठी लिहितो. मी मूळचा वसईचा. निवृत्तीनंतर बरीच वर्षे ठाण्यात चरईत राहतो.

लूकच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी लोक येशूकडे अगदी असाच प्रश्न घेऊन येतात. पिलात या रोमन सुभेदाराने काही गालीलकरांची हत्या केली होती आणि शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. लोकांची अपेक्षा अशी की त्या घटनेचा अर्थ सांगितला जावा. येशू उलट विचारतो की, ती अठरा माणसे यरुशलेमातल्या बाकीच्या रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती, असे तुम्हाला वाटते काय? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पुढे तो ऐकणाऱ्यांना स्वतःचे आयुष्य तपासायला सांगतो, पण बुरूज का पडला आणि त्याच माणसांवर का पडला, याचा दैवी खुलासा तो देत नाही. डोंगरावरच्या प्रवचनातही पिता आपला सूर्य दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच उगवतो, असे म्हटले आहे. त्यामुळे ऊन-पावसावरून कोण देवाच्या मर्जीतले, हे ठरवण्याची वाट तिथेच बंद होते. लोकलमधल्या जागेलाही हाच न्याय लावावा. जागा मिळाल्याबद्दल आभार मानणे वेगळे आणि ती मला निवडून दिली गेली असे मानणे वेगळे. पहिल्याने माणूस जागा दुसऱ्याला द्यायला तयार होतो, दुसऱ्याने ती धरून ठेवतो.

रात्रपाळी ताई, आपण विचारलेत म्हणून सांगतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. ते पूर्वी सैन्यात होते आणि पायाने अधू होते. त्यांना मठाच्या मुदपाकखान्यात नेमले. त्या कामाचा त्यांना मुळात तिटकारा होता, आणि तेच पुढे भांड्यांच्या खणखणाटातही देवाच्या सान्निध्यात राहण्याबद्दल जगभर ओळखले गेले. त्यांच्या सांगण्यात भांड्यांवरून काढलेले बोध जवळजवळ नाहीतच. काम देवावरील प्रेमापोटी करायचे, मन भरकटले तर खंत करीत न बसता ते परत वळवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, इतकेच ते सांगत. त्याहीपूर्वी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या एकतिसाव्या प्रकरणात कोठारप्रमुखाला सांगितले आहे की, मठातली सारी भांडीकुंडी आणि चीजवस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावी. आता वेदीवरचे पात्र आपण कसे हाताळतो? त्याच्याकडे बघत भावनेने डोळे भरून घेत नाही. ते पडू नये, त्याला डाग राहू नये, ते जागच्या जागी जावे, हे बघतो. आपण टाच गादीपासून उचलून ठेवता, ती याच जातीची काळजी आहे, असे मला वाटते. डागाकडे लक्ष असणे यात चूक काही नाही.

वारीतला एक

धागा आवडीने वाचतो आहे. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी वारी आहे. सावता माळ्याला कांदा, मुळा आणि भाजीत अवघी विठाई दिसली, गोरोबांनी चिखल तुडवता तुडवता नाम घेतले, जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला. तेव्हा आपण जी ‘ख्रिस्ती दृष्टी’ म्हणता, ती यापेक्षा निराळी आहे, की वाटेचे नाव तेवढे निराळे आहे? वाद घालण्यासाठी विचारत नाही.

घणसोलीकर

वारीतले दादा, प्रश्न अगदी नेमका आहे आणि ‘सगळे एकच’ असे म्हणून मी तो झटकणार नाही, कारण तसे केल्याने दोन्ही बाजूंचा मान राहत नाही.

जवळीक आहेच, आणि मराठी ख्रिस्ती माणसाने ती नाकारली तर तो कृतघ्नपणा ठरेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, परंतु त्यांची भजने, त्यांची कीर्तने आणि देवाशी बोलण्याची त्यांची रीत ही सारी संतांच्या अंगणातली आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते स्वतः सांगत. आमच्या नगरकडच्या घरात आजी दळताना जी गीते म्हणत असे, त्यांतले शब्द ख्रिस्ताचे होते आणि चाल ओवीची होती.

फरक मला असा दिसतो. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर देव सृष्टी निर्माण करतो आणि ती चांगली आहे, असे पाहतो. ती चांगली आहे, पण ती देव नाही. त्यामुळे ख्रिस्ती माणूस कांद्याकडे पाहून ‘हा देव’ असे म्हणू शकत नाही. ‘हा दिला गेला’, असे म्हणतो, आणि देणाऱ्याकडे वळतो. दुसरा फरक देहधारणेचा. देव एका विशिष्ट गावात, विशिष्ट आईच्या पोटी, विशिष्ट काळी माणूस झाला, भुकेला झाला, दमून विहिरीपाशी बसला, अशी आमची श्रद्धा आहे. त्यामुळे साधेपणाला जे मोल आहे, ते साध्या गोष्टी कशाच्या तरी खुणा आहेत म्हणून नाही. त्या गोष्टींतून तो स्वतः गेला आहे म्हणून आहे. सावतोबांचा मळा आणि नासरेथची सुतारशाळा या दोन्ही ठिकाणी काम सोडून देवाकडे जावे लागत नाही, इथपर्यंत आपण एकाच वाटेने चालतो. पुढे वाटा वेगळ्या होतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

वारीतला एक

समजले. ‘दिला गेला’ हे पटले. आमच्याकडेही ताट पुढे आले की आधी हात जोडतातच. बाकीचे मनात ठेवून वाचत राहीन.

ओंबी

ताटावरून आठवले, म्हणून लिहिते. आम्ही ठाण्यातलेच ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजातले. ऑक्टोबरात आमचा आगेरा असतो. नव्या भाताच्या ओंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात, फादर त्यांवर आशीर्वाद देतात आणि मग त्या घरी आणून लावतात. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी त्या ओंब्या घरच्याच खाचरातल्या होत्या. आता त्या खाचरांवर इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत आम्ही राहतो, आणि ओंब्या लांबच्या ओळखीतून मागवाव्या लागतात. पूर्वी मला यात थोडे नाटक वाटत असे. ज्याच्या घरी शेत नाही, त्याने पिकाचा सण कशाला करायचा? सासरे मात्र म्हणतात की शेत होते तेव्हा आपल्याला माहीत होते की भात कुठून येतो. आता माहीत नाही, म्हणूनच ओंबी हातात धरायची गरज जास्त आहे.

घरच्या प्रार्थनेबद्दलही थोडे लिहिते. ठाण्याचा इतिहास निघाला की १३२१ मध्ये येथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन संन्याशांची गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ती सांगायलाही हवी. पण १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर त्यांच्या राजसत्तेचा आधार संपला, आणि तरीही श्रद्धा टिकली. त्यात दिवेलागणीला पोरांना गोळा करून क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्या घराघरांतल्या बायकांचा वाटा किती, हे कोणी मांडत नाही. त्यांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत. आमच्याकडे आता सात वाजता घरी कुणीच नसते, म्हणून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, साडेनऊला होते. जेवण कधी बाहेरून मागवलेले असते आणि डबे उघडण्याआधी धाकटा भराभर आभाराची प्रार्थना उरकतो. मध्यंतरी त्याने आपणहून तीत ‘जेवण घेऊन आलेल्या दादाला’ घातले. पाऊस धो धो पडत होता आणि तो मुलगा रेनकोटातून पाणी निथळत लिफ्टपाशी उभा होता, कारण आमच्या सोसायटीने त्यांना मुख्य लिफ्ट वापरायला बंदी केलेली आहे. प्रार्थना झाल्यावर नवऱ्याने तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला. अजून निकाल लागलेला नाही, आणि काही शेजारी आमच्याशी सध्या जेवढ्यास तेवढे बोलतात.

मुद्देसूद

ओंबी, हे मात्र मला मान्य. प्रार्थनेनंतर मीटिंगमध्ये विषय निघत असेल, तर माझी अर्धी हरकत मी मागे घेतो. उरलेली अर्धी ठेवतो, कारण बहुतेक घरांत प्रार्थनेनंतर थेट जेवण होते.

शिकाऊ

मी नेरूळला राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वरचे सगळे वाचले. माझी अडचण वेगळी आहे. युवक शिबिरात आम्हाला सांगितले होते की निसर्गात देवाला शोधा. म्हणून मी हिवाळ्यात तलावावर फ्लेमिंगो पाहायला जाते. ते खूप सुंदर दिसतात. त्यांचा गुलाबी रंग ते ज्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर जगतात त्यांच्यातून येतो, हे मला माहीत आहे आणि ते माहीत असल्याने ते मला आणखी आवडतात. पण देव जवळ आहे, असे काहीही मला तिथे जाणवत नाही. मैत्रिणी डोळे मिटून ‘अनुभव’ सांगतात, तेव्हा मला वाटते की माझ्यातच काहीतरी कमी आहे. ज्याला काहीच जाणवत नाही, त्याने काय करावे?

चरईचे मास्तर

बाळ, कमी काही नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला होता, कारण ज्या बाईंना जग देवाच्या इतक्या जवळ मानत होते, त्यांना कित्येक दशके आतून केवळ अंधार आणि पोकळी जाणवत होती. त्या काळातही त्या पहाटे उठत होत्या, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होत्या आणि रस्त्यावरच्या माणसाला उचलून आणत होत्या. जाणवणे ही देणगी आहे. ती मिळाली तर घ्यावी. तिच्यावरून स्वतःची परीक्षा करू नये. पवित्र शास्त्रातही संदेष्टा एलीया होरेब डोंगरावर उभा असताना सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यांतल्या एकातही नसतो.

फ्लेमिंगो पाहताना ते नीट पाहा. त्यांच्या रंगाचे कारण माहीत असल्याने ते तुला अधिक आवडतात, हे तू लिहिलेस. निर्मितीकडे पाहण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही. देव दिसावा म्हणून त्यांच्याकडे पाहू लागलीस, तर देव तर दिसणार नाहीच, पण फ्लेमिंगोही नीट दिसायचे नाहीत.

रात्रपाळी

शिकाऊ, मलाही पाळीवर काहीच जाणवत नाही. आपण दोघी एकाच बाकावरच्या.

घणसोलीकर

मास्तर, आपण ‘नीट पाहा’ म्हणता, ते तत्त्व म्हणून पटते. परंतु दिवसाच्या रेट्यात पाहणेच होत नाही, ही माझी अडचण आहे. सायंकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहत असतो, तेव्हा सकाळपासून कोणाशी काय बोललो, हेदेखील आठवत नाही. यासाठी काही रीत आहे का?

चरईचे मास्तर

रीत आहे आणि ती जुनी आहे. येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली. त्यांच्या संघात ती दुपारी आणि रात्री अशी दोनदा करतात. संसारी माणसाला रात्रीची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग दिवस खरा जसा होता तसा दिसावा म्हणून प्रकाश मागायचा, आणि मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने मनासमोरून जाऊ द्यायचा. तिथे घाई करायची नाही. कुणाचा चेहरा आला, कुठे आवाज चढला, कुठे कुणी आपल्यासाठी दार धरून उभे होते, हे बघायचे. जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत मागून उठायचे.

यात एक पथ्य आहे. दिवस पाहायचा, त्याच्यावर निबंध लिहायचा नाही. मी हे अनेक वर्षे करतो आणि बहुतेक रात्री काही विशेष हाती लागत नाही; पण ज्या माणसाकडे दिवसा माझे लक्षच गेले नव्हते, त्याचा चेहरा अधूनमधून रात्री समोर येतो. भाजीवाली, जांभळी नाक्यावरचा हमाल, कधी घरातलीच माणसे. घरातली अधिक.

मुद्देसूद

मास्तर, ही पद्धत मी करून पाहीन; तिच्यातले काही प्रश्न श्रद्धेशिवायही विचारता येतात. पण त्याच संदर्भात एक गोष्ट पुढे ठेवतो, आणि ती आपल्याच शास्त्रातली आहे. काल मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाचला. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, लोकांना उजवीकडे आणि डावीकडे वेगळे करतो आणि ‘मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले’, असे उजवीकडच्यांना म्हणतो. त्यावर त्यांचे उत्तर काय आहे? ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले?’ म्हणजे त्यांनाही तो दिसला नव्हता. डावीकडच्यांनाही दिसला नव्हता. दिसण्या-न दिसण्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंची माणसे सारखीच आंधळी आहेत. फरक एवढाच की एका बाजूने जेवण दिले आणि दुसऱ्या बाजूने दिले नाही. मग ‘रोजच्या क्षणांत देव शोधा’ ही सूचना येतेच कुठून? त्या अध्यायात कोणी शोधत नाही. रात्रपाळी यांनी पहिल्याच प्रतिसादात हेच लिहिले होते, आणि ज्यांनी त्यांना ‘रुग्णात येशू पाहा’ म्हणून सांगितले, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

घणसोलीकर

मुद्देसूद, हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि उजवीकडच्यांनाही तो दिसला नव्हता, इकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. धाग्याच्या शीर्षकात मी जो प्रश्न विचारला, तोच यापुढे थोडा बाजूला सरकतो. मास्तर, मग डोळे कशासाठी उघडायचे?

चरईचे मास्तर

मुद्देसूद यांनी वाचले ते बरोबर वाचले. त्याला जोडून लूकचा शेवटचा अध्याय घ्यावा, म्हणजे दुसरी बाजूही दिसेल. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य येशूबरोबर चालतात आणि त्यांना तो ओळखू येत नाही. सायंकाळ झाली आहे, म्हणून ते त्या अनोळखी वाटसरूला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतात, जेवायला बसतात, तो भाकर मोडतो, तेव्हा ते त्याला ओळखतात आणि तो दिसेनासा होतो. मग ते एकमेकांना म्हणतात की, वाटेने तो बोलत होता तेव्हा आपले अंतःकरण आतून पेटले नव्हते काय? ओळख पटली ती थोडा वेळ, आणि वाटेतल्या गोष्टीचा अर्थ लागला तो मागे वळून पाहताना. पण त्याआधी त्यांनी अनोळखी माणसाला घरात घेतले होते. ते घेतले नसते, तर तो पुढे निघून गेला असता. लूक तसे स्पष्टच सुचवतो.

म्हणून डोळे उघडायचे ते समोरच्या माणसासाठी, आणि देवासाठी मागे वळून पाहायचे, असा क्रम मी लावतो. दिवसभर देव शोधत फिरणे मला जमत नाही आणि ते कोणाकडून अपेक्षितही नाही. रात्रीचे आत्मपरीक्षण आहे ते याच कारणाने. काही रात्री अंतःकरण पेटले होते असे आठवते. पुष्कळ रात्री आठवत नाही, आणि तेव्हाही प्रार्थना करूनच झोपतो.

ओंबी

मास्तर, हा उतारा आमच्याकडे ईस्टरच्या संध्याकाळी वाचतात. यंदा तो लिफ्टच्या बाजूने ऐकेन.

रात्रपाळी

मास्तर, एक व्यावहारिक शंका. माझा ‘दिवस’ संध्याकाळी सुरू होतो आणि सकाळी आठला संपतो. पाळी सोपवताना प्रत्येक रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला द्यावी लागते, त्यातच अर्धे आत्मपरीक्षण होऊन जाते. घरी आल्यावर डब्याची आणि शाळेच्या बसची धांदल असते आणि त्यानंतर डोळे उघडे राहत नाहीत. रात्रीची प्रार्थना मी करायची तरी केव्हा?

चरईचे मास्तर

ताई, घड्याळाचा आग्रह नाही. जो दिवस संपला तो पाहायचा. तो सकाळी आठला संपत असेल, तर सकाळी आठनंतर. रुग्णालयातून कळव्याला येताना रिक्षात किंवा बसमध्ये जेवढा वेळ मिळेल, तेवढा वापरा. पाळी सोपवताना जी माहिती सांगितली ती रुग्णांची. त्यात मावशी कशा होत्या, रुग्णाच्या खाटेशेजारी खुर्चीत बसून जागणारा मुलगा कसा होता आणि आपण स्वतः कशा होतात, हे आलेले नसते, तेवढेच पाहायचे राहते. आभारांपासून सुरुवात करा आणि मध्येच झोप लागली तर लागू द्या. फक्त रिक्षात असाल, तर चालकाला थांबा आधी सांगून ठेवा.